पोर घोरतंय, म्हणजे गाढ झोपलंय का?

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. वर्षभरापासून रोज रात्री घोरतो. तोंड उघडं ठेवून, मान मागे टाकून झोपतो. कधी कधी मध्येच आवाज बंद होतो, मग दचकून एकदम मोठा श्वास घेतो आणि कूस बदलतो. उशी घामानं ओली होते. अंथरुणात लघवी करणं बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालं. दिवसा मात्र एका जागी बसत नाही, आणि एक पोळी खायला तास लावतो. सासूबाई म्हणतात, ‘पोट्टं दिवसभर हुंदडते, थकते, म्हणून घोरते. गाढ झोप लागते त्याले.’ एका डॉक्टरांनी टॉन्सिल आणि नाकामागची गाठ काढायला सांगितली आहे. दुसरे म्हणाले, मोठा झाला की आपोआप जाईल. एवढ्याशा लेकराला भूल द्यायची, या विचारानंच पोटात गोळा येतो. गाठी काढल्या की अंगातली ताकद जाते, आवाज बसतो, असंही गावात बोलतात. आम्ही काय करावं?
— एक आई, इंझोरी (ता. मानोरा, जि. वाशीम)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वॉर्डातल्या सिस्टरनं नोंद ठेवावी तसं सगळं बारकाईनं लिहिलंय. त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मात्र तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात : ‘मध्येच आवाज बंद होतो.’ घरातली माणसं घोरण्यानं जागी होतात, आणि आवाज थांबला की ‘चला, आता शांत झोपलं’ म्हणून पुन्हा डोळे मिटतात. नेमक्या त्याच वेळी लेकराचा श्वास अडलेला असू शकतो. छाती ओढ घेत असते, पोट उडत असतं, पण हवा आत जात नसते. काही सेकंदांनी मेंदूला ते कळतं, तो झोप मोडतो, आणि पोर घुसमटल्यासारखा श्वास ओढून कूस बदलतं. तुम्ही अंधारात पाहिलंत ते बहुधा हेच. याला झोपेतला श्वासरोध म्हणतात. शंभर लहान मुलांत एक ते पाच जणांना तो असतो. नुसतं घोरणारी मुलं त्याहून बरीच जास्त असतात, दहात एखादं तरी.

सर्दीपडशात चार रात्री घोरणं वेगळं. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणारं मूल तपासून घ्यायलाच हवं. सासूबाईंना एवढंच सांगा की गाढ झोपलेल्या लेकराचा श्वास जवळ कान नेला तरी जेमतेम ऐकू येतो. तुमच्या मुलाला रात्रभर झोप लागते आणि मोडते, लागते आणि मोडते.

आता हे होतं कसं ते बघू. घशाच्या दोन्ही बाजूंना दिसतात त्या टॉन्सिल. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर, तोंड उघडून दिसत नाही अशा जागी आणखी एक गाठ असते, ती ॲडिनॉइड. जिभेच्या मुळाशीही त्याच जातीचा थर असतो. सगळं मिळून घशाच्या तोंडाशी एक कडं तयार होतं. जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डायर यांनी १८८४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी वाग्भटांनी अष्टांगहृदयात ‘तुंडिकेरी’ नावाचा घशाचा रोग सांगितला आहे आणि त्या सुजेला उपमा दिली आहे कापसाच्या बोंडाची. मानोरा-कारंजा पट्ट्यातल्या माणसाला याहून सोपं करून काय सांगणार? घशात दोन्ही बाजूंनी न फुटलेली दोन बोंडं एकमेकांकडे सरकली आहेत, असं डोळ्यांसमोर आणा.

या गाठी सुमारे तीन ते सात या वयात सगळ्यांत मोठ्या असतात, आणि घशाची वाट त्या मानानं अरुंद असते. दिवसा घशाचे स्नायू ताणलेले असतात, वाट उघडी राहते, मूल हसतं-खेळतं. झोपेत स्नायू सैलावतात आणि वाट मिटते. स्वप्नांच्या झोपेत ते सगळ्यांत सैल पडतात, आणि ही झोप पहाटेकडे वाढत जाते. म्हणूनच रात्री दहाला बरं वाटणारं पोर पहाटे चारला ओढ घेताना दिसतं. मान मागे टाकून झोपणं हीसुद्धा मिटणारी वाट उघडी ठेवायची त्याची धडपड आहे. उशी देऊन मान सरळ करू नका.

तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण धागा एकच आहे. बंद वाटेतून हवा ओढताना छातीत ताण पडतो, त्यानं हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि हृदयातून असं एक संप्रेरक सुटतं जे मूत्रपिंडांना लघवी जास्त तयार करायला लावतं. थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं त्यामागे अनेकदा हे कारण असतं. त्यासाठी लेकराला रागावू नका, मारू तर नकाच. घाम येतो तो रात्रभराच्या श्रमानं. जेवायला तास लागतो, कारण नाक बंद असलेल्या मुलाला एकाच तोंडानं श्वासही घ्यायचा असतो आणि घासही चावायचा असतो. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं, त्यामुळे झोप मोडली की वाढही अडते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, तो आलेख ताईंकडून मागून बघा. रेघ गेल्या सहा-आठ महिन्यांत आडवी झाली असेल तर त्या कागदाचा फोटो घ्या, डॉक्टरांना लागेल.

आणि दिवसाचं हुंदडणं. मोठ्या माणसाची झोप झाली नाही तर ते पेंगतं. लहान मूल उलट वागतं. ते चिडतं, पळतं, एका जागी टिकत नाही, सांगितलेलं ऐकत नाही. शाळेत अशा मुलाला मस्तीखोर, ढ असं काहीबाही म्हटलं जातं. लंडनच्या विल्यम हिल या डॉक्टरांनी १८८९ सालीच लिहून ठेवलं होतं की नाकामागची गाठ वाढलेली काही मुलं वर्गात मागे पडतात आणि ती काढल्यावर सुधारतात. पुढे हे जवळजवळ विसरलं गेलं. १९७६ साली गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ मुलांच्या रात्रीच्या झोपेची यंत्रावर नोंद करून मुलांमधला श्वासरोध नीट मांडला, तेव्हा डॉक्टर मंडळी पुन्हा जागी झाली. गावोगाव किती पोरांनी निव्वळ श्वासापायी ‘ढ’ हे नाव घेऊन शाळा सोडली असेल, याचा विचार आला की मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या दोन डॉक्टरांकडे येऊ. एक म्हणतात काढा, दुसरे म्हणतात थांबा. यात कोणीतरी चूक किंवा पैशाचा लोभी आहे असं लगेच धरू नका. टॉन्सिलच्या बाबतीत हा घोळ जुना आहे. १९३४ साली न्यूयॉर्कमधल्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ६११ मुलांच्या टॉन्सिल आधीच काढलेल्या होत्या. उरलेली ३८९ डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना गरज नाही म्हटलं होतं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली, त्यांनी त्यातल्या ९९ जणांना काढायला सांगितलं. राहिली ११६. तीही पुन्हा दाखवली, तर आणखी ५१ जणांना सल्ला मिळाला : काढा. तिसऱ्या तपासणीअंती हजारात फक्त ६५ मुलं अशी उरली की ज्यांना कोणीच हात लावायला सांगितलं नव्हतं. नुसत्या घशाकडे बघून ठरवलं की असं होतं.

म्हणून मी प्रत्येक आईबापाला आधी एकच विचारतो : शस्त्रक्रिया कशासाठी सांगितली आहे, घसा वारंवार दुखतो म्हणून, की श्वास अडतो म्हणून? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारंवार घसा येणाऱ्या मुलासाठी जगभर एक मोजमाप वापरतात. पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाईज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून ते आलं. वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा तापासकट घसा दुखला असेल, आणि तशी नोंद असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार. त्याहून कमी असेल तर थांबणं शहाणपणाचं, कारण बरीच मुलं आपोआप सुधारतात. ‘मोठा झाला की जाईल’ हे वाक्य या मुलांसाठी बहुतेकदा खरं आहे.

तुमच्या मुलाचं दुखणं घशाचं नसून श्वासाचं आहे. तिथे गाठीचा आकारही फसवा असतो. मोठ्या टॉन्सिलचं मूल सुखानं झोपतं, आणि मध्यम आकाराच्या टॉन्सिलचं मूल ॲडिनॉइडमुळे रात्रभर गुदमरतं. मग ठरवायचं कशावरून? त्याच्या रात्रीवरून. पण ती रात्र डॉक्टर बघत नाही, तुम्ही बघता. डॉक्टरला दिसतं ते सकाळी अकराला टेबलावरचं स्टेथोस्कोप ओढणारं हसरं पोर. दुसरे डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले, तेव्हा श्वास थांबतो हे त्यांना कोणी सांगितलं होतं का? मला शंका आहे.

तेव्हा आज-उद्या हे करा. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान उठा. दिवा लावा; लेकरू त्यानं सहसा जागं होत नाही. पांघरूण काढा, सदरा वर सारा, म्हणजे गळ्यापासून बेंबीपर्यंत अंग उघडं दिसेल. मोबाईल आडवा धरून चेहरा, छाती आणि पोट एकाच चौकटीत घ्या, आवाजासकट, दोन-तीन मिनिटं. हलवू नका, उठवू नका. नंतर शांतपणे बघा. श्वास घेताना गळ्याच्या खळगीत किंवा बरगड्यांखाली खड्डा पडतो का? पोट वर येताना छाती आत जाते का? आवाज थांबतो तेव्हा मनात आकडे म्हणा. मोठ्या माणसात श्वास दहा सेकंद थांबला तर मोजतात. या वयाचं मूल झोपेत मिनिटाला वीसच्या आसपास श्वास घेतं, त्यामुळे त्याचे दोन श्वास चुकले, म्हणजे सहाएक सेकंद गेले, तरी ते मोजायचं. अशा तीन वेगवेगळ्या रात्रींचे तुकडे घ्या. अनेक वर्षांच्या कामात दोन मिनिटांच्या अशा चित्रफितीनं मला जेवढं सांगितलं, तेवढं क्ष-किरणांच्या फिल्मनं क्वचितच सांगितलं आहे. आणि चित्रफीत काढताना ओठ निळसर दिसले, किंवा श्वास लांबलचक थांबू लागला, तर पत्राच्या उत्तराची किंवा तारखेची वाट बघायची नाही. मुलाला बसतं करा, १०८ ला फोन करा.

झोपेची रात्रभर यंत्रावर नोंद घेणारी तपासणी मोठ्या शहरांत होते. एरवी निरोगी असलेल्या मुलात लक्षणं स्पष्ट असतील तर तिच्यासाठी अडून राहायची गरज नसते. दोन वर्षांखालचं मूल, फार लठ्ठ मूल, डाउन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांची जन्मजात ठेवण वेगळी, स्नायूंचा आजार, आणि सिकलसेल, या मुलांना मात्र शस्त्रक्रियेआधी ती करून घ्यावी असं जाणकार सांगतात.

यातल्या सिकलसेलपाशी थांबतो, कारण आपण विदर्भातले. आपल्या भागात हा रक्तदोष अनेक घरांत आहे आणि पुष्कळांना तो ठाऊकही नाही. रक्तातला प्राणवायू उतरला की सिकलसेलच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ज्या मुलाचा प्राणवायू झोपेत रोज रात्री उतरतो, त्याच्या अंगात सिकलसेल असेल तर दुखणं दुप्पट. भूल देतानाही हे आधी माहीत असावं लागतं. चाचणी थेंबभर रक्ताची आहे, आणि सरकारी दवाखान्यांत होते. सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. मुलाची चाचणी झाली नसेल तर ती पहिली करा, आणि कार्ड मिळालं की जपून ठेवा.

औषधानं भागेल का, हेही बघायला हवं. त्रास सौम्य असेल, म्हणजे नुसतं घोरणं आणि क्वचित ओढ, तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा सहा-आठ आठवडे देऊन पाहतात. त्यानं ॲडिनॉइडची सूज उतरते आणि काही मुलं तेवढ्यावर सुधारतात. स्टेरॉइड या शब्दाला घाबरू नका, फवाऱ्यातली मात्रा फार थोडी असते. पण डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस. काही वेळा मॉन्टेलुकास्टची गोळी देतात. ती घेताना मूल अचानक चिडचिडं, घाबरट झालं, भयानक स्वप्नं पडू लागली, तर लगेच कळवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली याबाबत ठळक इशारा दिला आहे.

घरातली हवाही तपासा. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या पेटतात त्या खोलीत तो झोपतो का? घरात कोणी विडी ओढतं का? वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात आणि त्याच खोलीत अंथरुणं पडतात, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्या कापसाची धूळ, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, धूर, यांनी नाक सुजतं आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी बंद होते. मुलाची झोपायची जागा बदला, हे आजच करता येईल. आणि हळद, मीठ किंवा तुरटी लावून बोटानं गाठी दाबून ‘फोडण्याचा’ प्रकार कोणी सुचवला तर हात जोडून नाही म्हणा. त्यानं रक्तस्राव होतो, जखम चिघळते, आणि गाठ तिथेच राहते.

शस्त्रक्रियेनं किती फरक पडतो याचा एक चांगला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाच ते नऊ वर्षांची, झोपेत श्वासरोध असलेली ४६४ मुलं त्यात घेतली होती. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, निम्म्यांना देखरेखीखाली थांबवलं. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची नोंद पूर्ववत झाली होती, आणि थांबलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. म्हणजे थांबलेली जवळजवळ निम्मी मुलंही सुधारली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शस्त्रक्रिया झालेल्यांचं वागणं, झोप, रोजचं जगणं जास्त सुधारलं. लक्ष देण्याच्या चाचणीतले गुण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे आले, तेव्हा गाठी काढल्या की पोर पहिला नंबर आणेल, असं वचन कोणी देऊ नये. सौम्य त्रासात तीन-सहा महिने डॉक्टरांच्या नजरेखाली थांबणं हा रीतसर मार्ग आहे.

तुमचं वर्णन मला सौम्य वाटत नाही. श्वास थांबणं, दचकून उठणं, घाम, लघवी, जेवण, सगळं एकत्र आलं आहे आणि वर्ष उलटलं आहे. मुलाला न बघता शेवटचा शब्द मी देणार नाही, पण चित्रफितीत श्वास अडताना दिसला, तर माझा कौल काढण्याच्या बाजूनं आहे. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत थांबलं तर गाठी कदाचित आकसतील, पण वाढीची आणि शिकण्याची ती वर्षं परत मिळत नाहीत.

आता गावात बोलतात त्याबद्दल. अंगातली ताकद जाते का? घशाच्या कड्यातला थोडा भाग काढला जातो, बाकीचा तिथेच राहतो, आणि प्रतिकाराचं काम करणाऱ्या अशाच गाठी शरीरभर असतात. शस्त्रक्रियेनंतर मूल सतत आजारी पडतं असं अनुभवाला येत नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०१८ साली असं मांडलं गेलं की लहानपणी गाठी काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार काहीसे जास्त झाले. ते गाठी काढल्यामुळेच झाले की ती मुलं मुळातच जास्त आजारी होती, हे अशा नोंदींवरून ठरत नाही. त्यातून मी एवढंच घेतो की विनाकारण काढू नये. ज्याचा श्वास अडतो त्याला कारण आहे.

आवाज बसतो, हे खरं नाही. स्वरयंत्र त्याच्या बरंच खाली असतं. नाक बंद असल्यामुळे दबलेला आवाज उलट मोकळा होतो. काही दिवस पाणी पिताना थोडं नाकात येतं, ते थांबतं. पडजीभ टोकाशी दुभंगलेली असेल तर ॲडिनॉइड काढताना विशेष काळजी घ्यावी लागते, म्हणून डॉक्टरांना ती आधी बघायला सांगा.

भुलेची भीती मला समजते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोर हातातून सोडताना किती आयांचे हात थरथरताना पाहिले आहेत. साधारण पाऊण तासाचं काम असतं, सगळं तोंडातून, बाहेर एकही टाका नाही. तान्ह्या बाळांना तासाभराहून कमी वेळ पूर्ण भूल दिली तर पाचव्या वर्षी त्यांच्या बुद्धीत काही उणं दिसत नाही, असा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आहे; तुमचा मुलगा तर साडेचार वर्षांचा आहे. धोका शून्य कधीच नसतो. तो कमी करायला भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी स्वतःहून सांगा : झोपेत श्वास थांबतो, सिकलसेलच्या चाचणीत काय आलं, आणि दात हलतो का. आदल्या पंधरवड्यात ताप-खोकला झाला असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तरी चालेल. उपाशी ठेवायची वेळ ते सांगतील ती काटेकोर पाळा. आजीनं मायेनं दिलेलं अर्धं बिस्किटसुद्धा भुलेत जिवावर बेतू शकतं.

जायचं कुठे? मूल अंगणवाडीत आहे, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तिथे येतं. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकातल्या डॉक्टरांना चित्रफीत दाखवा, ते पुढे पाठवतील. पथकाची वाट बघायची नसेल तर थेट वाशीमचं जिल्हा रुग्णालय, अकोल्याचं सर्वोपचार किंवा यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. कान-नाक-घसा विभागात जायचं. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. या शस्त्रक्रियेला ती त्या रुग्णालयात लागू होते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा. रेशनकार्ड आणि मुलाचं आधार सोबत असू द्या. कान तपासून घ्यायलाही सांगा. ॲडिनॉइडमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, आणि ‘सांगितलेलं ऐकत नाही’ ही तक्रार कधी कधी अक्षरशः खरी असते.

शस्त्रक्रियेनंतरचे दोन आठवडे तुमचे आहेत. घशात जिथून गाठी काढल्या तिथे पांढरट थर दिसेल. तो पू नव्हे, भरून येणारी जखम आहे, खरवडू नका. तोंडाला वास येईल. कान दुखेल, कारण घशाची आणि कानाची संवेदना नेणारी नस एक आहे. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, दुखायची वाट न बघता ठरल्या वेळी द्या. ॲस्पिरिन नको, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मुळीच नको. श्वासरोध असलेल्या मुलांचा श्वास त्यानं थांबल्याच्या घटना घडल्या आहेत. खायला गार वरणभात, मऊ खिचडी, दही, थंड दूध, कुल्फी. चिवडा, पापड, कडक भाकर, ठेचा बाजूला. लाल रंगाचं सरबत देऊ नका, नाहीतर उलटी झाली तर रक्त आहे की सरबत, हे कळणार नाही.

रक्तस्राव हाच खरा धोका, आणि तो दोनदा डोकावतो : पहिल्या चोवीस तासांत, आणि नंतर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, जेव्हा घरात सगळे निर्धास्त झालेले असतात. शंभरातल्या दोन-चार मुलांना होतो. झोपेत मूल पुन्हा पुन्हा आवंढा गिळत असेल तर उठा, दिवा लावा, तोंड उघडून बघा. लहान मुलं रक्त थुंकत नाहीत, गिळतात. ताजं रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, मुलाला एका कुशीवर ठेवून निघा. माझं आग्रहाचं सांगणं असं की पहिली रात्र रुग्णालयात काढा, आणि जमलं तर दहा दिवस अकोल्याला किंवा वाशीमला नातेवाइकांकडे मुक्काम करा. ते जमत नसेल तर गावात कोणाची गाडी रात्री-अपरात्री मिळेल ते आधीच बोलून ठेवा. इंझोरीहून रात्री दोनला निघायचं तर गाडी शोधण्यात जाणारा अर्धा तास मोलाचा असतो.

सूज असते तोवर पहिले काही दिवस तो घोरेल, त्यानं निराश होऊ नका. दोनेक आठवड्यांनी एका रात्री तुम्हाला अचानक जाग येईल, कारण खोलीत काहीच आवाज नसेल. पुष्कळ आयांनी मला हे सांगितलं आहे : आवाज नाही म्हणून धसका घेऊन उठलो आणि त्याच्या नाकाशी बोट धरलं. तुम्हीही धरा. ऊबदार श्वास लागला की झोपा, त्याला मात्र उठवू नका.